टिंबानंतरची दहा मिनिटं

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात माल हलण्याआधी मेल हलतो. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर इथल्या गोदामांत कुठल्या पार्टीला किती गठ्ठे द्यायचे, कुठली गाडी किती वाजता लागणार, कुठला माल परत येतोय, यातलं बरंचसं मेलवर ठरतं. यंत्रमागाच्या धंद्यातही सुताचा व्यापारी, सायझिंगवाला, काळबादेवीची पेढी आणि मागाच्या गाळ्यावरचा मेहताजी यांना एकच निरोप एकाच वेळी जावा लागतो. म्हणून कार्यालयं एक सामायिक पत्ता करून ठेवतात. त्या पत्त्यावर एक मेल टाकला की सर्व्हर तो यादीतल्या सगळ्यांना वाटतो. हीच मेलिंग लिस्ट.

या व्यवस्थेबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे एकच मेल दोनदा येणं. ऐकायला ती किरकोळ वाटते. पण ‘उद्या सकाळी ४० गठ्ठे पाठवा’ हा मेल दोनदा आला आणि वाचणाऱ्याने दोन ऑर्डरी समजून दोन गाड्या सांगितल्या, तर भाडं, हमाली आणि परतीची फेरी असा सगळा भुर्दंड पडतो. याच्या उलटं घडतं तेव्हा नुकसान आणखी मोठं असतं. दुहेरी मेलची सवय झाली की लोक दुसरा मेल न उघडताच काढून टाकतात, आणि एखाद्या दिवशी ती खरोखरच दुसरी ऑर्डर असते.

अशा वेळी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, हा सर्रास चालणारा उपाय. त्याने बहुधा काहीच सुटत नाही, कारण बहुतेक वेळा सर्व्हर बिघडलेलाच नसतो. दुहेरी मेल कुठे तयार झाला याचा पत्ता त्या मेलवरच लिहिलेला असतो. तो आधी वाचायला हवा. आणि तो वाचता येण्यासाठी मेल कसा पोचतो हे थोडं समजून घ्यायला हवं.

टिंब आणि २५०

मेल पोचवण्याचा सगळा कारभार दोन सर्व्हरमधल्या संभाषणावर चालतो. पाठवणारा आधी स्वतःची ओळख देतो, मग मेल कुणाकडून आहे ते सांगतो, मग कुणाला द्यायचा ते. त्यानंतर ‘डेटा’ असं म्हणून तो सगळा मजकूर पाठवतो. मजकूर संपला हे कळवण्यासाठी शेवटी एका स्वतंत्र ओळीवर फक्त एक टिंब देतो. समोरच्याने ‘२५०’ हा आकडा परत केला की व्यवहार पुरा. त्या क्षणापासून मेलची जबाबदारी घेणाऱ्याची, आणि पाठवणाऱ्याने तो आपल्या रांगेतून काढून टाकायचा. जॉन पोस्टेल यांनी हे नियम १९८२ मध्ये ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात मांडले. त्यानंतर २००८ मध्ये आलेल्या ‘आरएफसी ५३२१’ मध्येही जबाबदारीचं हे हस्तांतर तसंच ठेवलेलं आहे.

आता टिंब पोचलं, पण ‘२५०’ परत येण्याआधी लाइन तुटली असं समजा. घेणाऱ्याकडे पूर्ण मेल आहे आणि तो पुढे वाटपालाही गेला आहे. पाठवणाऱ्याकडे मात्र पोच नाही. माल गोदामात उतरला, पण सही झालेलं चलान व्यापाऱ्याकडे परत आलंच नाही, तर त्याची जी अवस्था होईल तीच इथे पाठवणाऱ्या सर्व्हरची होते. पोचला असं धरून गप्प बसावं, तर मेल कदाचित हरवलेला असेल. हरवला असं धरून पुन्हा पाठवावा, तर कदाचित दोनदा जाईल. मेलचे नियम लिहिणाऱ्यांनी दुसरी वाट निवडली, आणि ती विचारपूर्वक निवडली. दुहेरी मेल निदान डोळ्यांना दिसतो. हरवलेला मेल कुणालाच दिसत नाही.

ही अडचण फार जुनी आहे. क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ‘आरएफसी १०४७’ हे छोटं टिपण फक्त याच प्रश्नावर लिहिलं. काही सर्व्हर टिंब मिळाल्यावर मेलवरचं सगळं काम आधी उरकत आणि मग पोच देत. तोवर पाठवणारा वाट पाहून कंटाळलेला असे. तो लाइन सोडे आणि थोड्या वेळाने तोच मेल पुन्हा पाठवी. पार्ट्रिज यांचं सांगणं साधं होतं: मेल सुरक्षित ठेवला की लगेच पोच द्या आणि बाकीचं काम नंतर करा. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, ‘आरएफसी ११२३’ ने पाठवणाऱ्यावरही बंधन घातलं. टिंब दिल्यावर निदान १० मिनिटं थांबायचं, कारण इथे घाई केली तर मेलच्या अनेक प्रती जातील, असं त्यात कारणासकट सांगितलं आहे. आजच्या नियमातही तीच १० मिनिटं आहेत.

दोन्ही बाजूंनी कितीही काळजी घेतली तरी ही फट पूर्ण बुजत नाही. पोच हरवू शकते, पोचेची पोच मागितली तर तीही हरवू शकते, आणि ही साखळी कुठेच संपत नाही. संगणकशास्त्रात ही गोष्ट १९७५ मध्ये अक्कोयुनलू, एकनाथम आणि ह्यूबर यांनी मांडली. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये तिला दोन सेनापतींच्या कोड्याचं रूप दिलं. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा अडचणींबाबत व्यवहाराला उपयोगी निष्कर्ष काढला. दुहेरी निरोप ओळखण्याचं काम मधल्या जाळ्यावर सोडून भागत नाही, शेवटच्या टोकालाच ते करावं लागतं. भिवंडीतल्या कार्यालयांना हा निष्कर्ष कसा लागू पडतो ते शेवटी पाहू.

आधी दोन्ही प्रती मागा

तपासाची पहिली पायरी म्हणजे दोन्ही प्रती मूळ रूपात मिळवणं. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. नेहमीसारखं फॉरवर्ड करूनही उपयोग नाही, कारण त्यात मूळ मेलवरचे शिक्के गळून पडतात. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ आणि इतर प्रोग्रॅममध्ये ‘व्ह्यू सोर्स’ किंवा ‘हेडर्स’ अशी सोय असते. तिथून सगळा मजकूर काढून घ्यायचा, नाहीतर मेल जोडपत्र म्हणून पाठवायला सांगायचं.

या मजकुरातल्या चार ओळी कामाच्या. पहिली ‘मेसेज-आयडी’. मेल तयार होताना त्याला मिळणारा हा एकमेव क्रमांक वाटेतल्या सर्व्हरनी बदलायचा नसतो. दुसरी ‘रिसीव्हड’. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली एक ओळ सगळ्यात वर चिकटवतो. त्यात मेल कुणाकडून घेतला, कुणी घेतला, रांगेतला नंबर काय आणि वेळ काय, हे सगळं असतं. नवी ओळ वर येते, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. तिसरी ‘लिस्ट-आयडी’, मेल लिस्टमधून आला असेल तरच असणारी. चौथी ‘रिटर्न-पाथ’, म्हणजे मेल परत आला तर कुठे जाईल तो पत्ता.

दोन्ही प्रती शेजारी ठेवून खालून वर जायचं. जिथवर ओळी अक्षरशः सारख्या आहेत तिथवर मेल एकच होता. जिथे फरक सुरू होतो तिथे त्याचे दोन झाले. एवढ्यावरून बहुतेक प्रकरणं उलगडतात.

फरक कुठे आहे त्यावर निदान

मेसेज-आयडीच वेगळे असतील तर ते दोन वेगळे मेल आहेत आणि लिस्टचा सर्व्हर निर्दोष आहे. पाठवणाऱ्याने आउटबॉक्स अडकलाय म्हणून दोनदा पाठवलं असेल, किंवा रोजचा अहवाल आपोआप पाठवणारा प्रोग्रॅम दोन ठिकाणी चालू असेल. नवा कॉम्प्युटर आला, त्यावर सगळं बसवलं, पण जुन्यावरचं वेळापत्रक बंद करायचं राहिलं, हे कार्यालयांत वरचेवर घडतं.

मेसेज-आयडी सारखा आणि सगळ्या रिसीव्हड ओळीही नंबर-वेळेसकट तंतोतंत सारख्या असतील, तर बहुधा पेटीत मेल एकदाच आला आणि कॉम्प्युटरने तो दोनदा उतरवून घेतला. जुन्या पद्धतीच्या पीओपी खात्यात असं होतं. १९९६ च्या ‘आरएफसी १९३९’ नुसार मेल उतरवून झाल्यावर प्रोग्रॅमने ‘क्विट’ म्हटलं तरच सर्व्हर आपल्याकडची प्रत पुसतो. त्याआधी इंटरनेट गेलं तर काहीच पुसलं जात नाही, आणि कुठले मेल आधीच घेतले याची नोंद प्रोग्रॅमकडे नसेल तर पुढच्या वेळी तेच मेल पुन्हा उतरतात. यावर आयमॅप हा चांगला उपाय, कारण त्यात मेल सर्व्हरवरच राहतो.

एका प्रतीवर लिस्ट-आयडी आहे आणि दुसरीवर नाही, याचा अर्थ एक प्रत लिस्टमधून आली आणि दुसरी थेट. कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ केलं, त्यात लिस्टचाही पत्ता होता आणि तुमचाही. जीएनयू मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी प्रत्येक सभासदाला एक पर्याय असतो. मेलवर त्याचं नाव थेट असेल तर लिस्टने त्याला वेगळी प्रत पाठवायची नाही. तो पर्याय चालू केला की विषय मिटतो.

दोन्ही प्रती लिस्टमधूनच आल्या पण रिटर्न-पाथ वेगळे, असं असेल तर सभासद यादीत दोनदा आहे. बऱ्याच लिस्ट प्रत्येक सभासदासाठी वेगळा परतीचा पत्ता तयार करतात आणि त्यात सभासदाचा पत्ताच गुंफतात. डॅनियल बर्नस्टाइन यांची ही युक्ती परत आलेले मेल कुणाचे ते ओळखण्यासाठी होती, पण इथेही ती उपयोगी पडते. रिटर्न-पाथ वाचला की कळतं, एक प्रत साहेबांच्या कंपनीच्या पत्त्यावर आली आणि दुसरी जुन्या फुकटच्या पत्त्यावर, जिथून सगळे मेल नव्या पत्त्याकडे वळवलेले आहेत. लिस्टच्या आत दुसरी लिस्ट ठेवली तरी हेच होतं. ‘सर्व कर्मचारी’ या लिस्टमध्ये ‘डिस्पॅच’ आणि ‘गोदाम’ या दोन्ही लिस्ट असल्या, तर दोन्हीकडे नाव असलेल्या सुपरवायझरला प्रत्येक परिपत्रक दोनदा मिळणारच.

रिटर्न-पाथही सारखा, पण खुद्द लिस्टच्या सर्व्हरने दिलेले रांगेतले नंबर वेगळे, तेव्हा दोष त्या सर्व्हरच्या मांडणीत शोधायचा. पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरवर मेल व्हायरसच्या तपासणीसाठी बाहेरच्या गाळणीकडे जातो आणि तिथून पुन्हा आत येतो. म्हणजे तो त्याच सर्व्हरमधून दोनदा जातो. सामायिक पत्ता उलगडणं किंवा प्रत्येक मेलची एक नक्कल मालकांना पाठवणं ही कामं दोन्ही खेपांना चालू ठेवली, तर मालकांकडे दोन नकला निघू शकतात. पोस्टफिक्समध्ये एका खेपेला ही कामं बंद ठेवण्याची सोय मुद्दाम दिलेली आहे.

आणि लिस्टच्या सर्व्हरवरचा नंबर एकच, पण घेणाऱ्या सर्व्हरवरचे नंबर दोन असतील, तर आपण त्या टिंबापाशी येऊन पोचलो.

एक जोडी जवळून

उदाहरण म्हणून काल्हेरच्या एका गोदामातल्या सुपरवायझरकडे आलेल्या दोन प्रती घेऊ. मेलबरोबर बिल्ट्यांचे मोबाइलवर काढलेले बरेच फोटो आहेत. पहिली प्रत ११ वाजून २ मिनिटांची, दुसरी ११ वाजून १९ मिनिटांची. मेसेज-आयडी तोच, लिस्ट-सर्व्हरचा नंबर तोच, घेणाऱ्या सर्व्हरचे नंबर वेगळे. आता लिस्ट-सर्व्हरच्या लॉगमध्ये तो एक नंबर शोधायचा. पोस्टफिक्स असेल तर ११ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास एक ओळ सापडेल. ती सांगते की मजकुराचा शेवट पाठवताना वेळ संपला, आणि पुढे स्पष्ट इशारा असतो: हा मेल एकापेक्षा जास्त वेळा जाऊ शकतो. त्याच्याखाली ११ वाजून १९ मिनिटांची ओळ, पाठवला म्हणून.

इथे कोडं सुटलं. लिस्ट-सर्व्हर टिंब देऊन १० मिनिटं थांबला. समोरचा सर्व्हर ते सगळे फोटो तपासत बसला होता. तपासून त्याने मेल पेटीत टाकला, पण ‘२५०’ म्हणेपर्यंत लिस्ट-सर्व्हरने लाइन सोडली होती. थोड्या वेळाने त्याने नियमाप्रमाणे पुन्हा पाठवला. दोघांनीही मेल सांभाळायचाच प्रयत्न केला, आणि त्यातूनच दोन प्रती झाल्या.

दुरुस्ती घेणाऱ्या बाजूला करायची. तपासणीच्या यंत्राला पुरेशी मेमरी द्यायची आणि जोडपत्राच्या आकारावर मर्यादा घालायची. फोटो मेलला चिकटवण्याऐवजी एका ठिकाणी ठेवून त्याची लिंक पाठवणं त्याहून चांगलं. लिस्ट-सर्व्हरवरचा थांबण्याचा वेळ कमी करण्याचा मोह होतो, पण त्याने दुहेरी मेल वाढतात. अशीच लॉगची ओळ दिसते पण समोरचा सर्व्हर रिकामा बसलेला आहे, असं असेल तर मधल्या फायरवॉलकडे पाहायचं. मेलच्या संभाषणात ढवळाढवळ करणाऱ्या काही जुन्या फायरवॉल शेवटचं टिंब दोन पाकिटांत विभागून आलं की गडबडत.

वीज गेल्यावरही याच जातीचा दोष दिसतो. सर्व्हर यादीतल्या काही जणांना मेल देतो आणि ते दिल्याची नोंद डिस्कवर होण्याआधीच बंद पडतो. पुन्हा चालू झाल्यावर ज्यांची नोंद झाली नव्हती त्यांना तो परत पाठवतो. म्हणून लिस्टच्या सर्व्हरला चांगला यूपीएस हवा, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून रीतसर बंद होईल अशी जोडणीही हवी.

कुणाला एक, कुणाला दोन

तपासात सगळ्यात गोंधळ उडवणारी गोष्ट म्हणजे सगळ्यांना सारखा अनुभव येत नाही. जीमेल सारख्या मेसेज-आयडीची दुसरी प्रत सहसा दाखवतच नाही. त्यामुळे जीमेल वापरणाऱ्या मालकांना एकच मेल दिसतो, कार्यालयाच्या पेटीतल्या कारकुनाला दोन दिसतात, आणि कारकून उगाच तक्रार करतो असा समज होतो. त्याचं म्हणणं खरं असतं. म्हणून दोन प्रती नेमक्या कुणाला दिसतात आणि ते मेल कशात वाचतात, हे आधी विचारून घ्यावं. सगळ्यांना दोन येत असतील तर कारण लिस्टच्या आधी किंवा लिस्टवर असतं. एकाच कंपनीच्या लोकांना येत असतील तर त्या कंपनीच्या सर्व्हरपाशी, आणि एकालाच येत असतील तर त्याच्या नोंदणीत किंवा कॉम्प्युटरमध्ये.

प्रतींचा आकडा दोनवर न थांबता वाढतच चालला असेल तर मात्र आधी लिस्ट थांबवायची. मेल गोल फिरतोय. बाहेरगावी गेलेल्या कुणाचं आपोआप जाणारं उत्तर लिस्टवर येतं, लिस्ट ते पुन्हा त्यालाच पाठवते, आणि चक्र चालू राहतं. चांगले लिस्ट-प्रोग्रॅम बाहेर जाणाऱ्या मेलवर आपली खूण ठेवतात आणि तीच खूण घेऊन परत आलेला मेल अडवतात. पण समोरचं उत्तर देणारं यंत्र ती खूण पुसून नवाच मेल तयार करत असेल, तर माणसाने हस्तक्षेप करायलाच हवा.

एक उपाय कटाक्षाने टाळावा: विषयाची ओळ सारखी असलेले मेल पुसून टाकणारी गाळणी. ‘आजचा डिस्पॅच’ या एकाच विषयाने दिवसात तीन खरे मेल येतात, आणि ही गाळणी त्यातले दोन गिळते. पुसायचंच असेल तर मेसेज-आयडी पाहून पुसावं. २०१४ च्या ‘आरएफसी ७३५२’ मध्ये मेलपेटीच्या नियमांसाठी अशी सोय सांगितली आहे. पुसलेली प्रत काही दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी.

कामाच्या निरोपाला नंबर हवाच

आता त्या १९८४ च्या निबंधाकडे. सर्व्हर कितीही नीट लावला तरी कधीतरी एखादा मेल दोनदा येणारच. म्हणून मेल दोनदा वाचला तरी काम एकदाच होईल, अशी कामाची पद्धत असायला हवी. भिवंडीच्या धंद्यात ही शिस्त कागदावर आधीपासूनच आहे. बिल्टीला नंबर असतो, चलानाला नंबर असतो, ई-वे बिलाला १२ आकडी नंबर असतो. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसला मिळणारा ६४ अक्षरांचा क्रमांक तर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि त्याचा नंबर यांवरून तयार होतो. त्यामुळे तेच बिल पुन्हा नोंदवायला गेलं की पोर्टल ते दुहेरी म्हणून नाकारतं. दोनदा पाठवलं तरी बिल एकच राहतं.

मेलवरच्या ऑर्डरींना हीच शिस्त लावायला काहीच खर्च येत नाही. प्रत्येक ऑर्डरीच्या विषयात तिचा नंबर लिहायचा. ऑर्डर बदलली तर ‘त्याच नंबरची दुरुस्ती’ असं स्पष्ट म्हणायचं. गाडी सांगण्याआधी गोदामातल्या माणसाने वहीत किंवा एक्सेलमध्ये तो नंबर आहे का ते पाहायचं आणि असेल तर गाडी सांगायची नाही. ‘४० गठ्ठे पाठवा’ हे दोनदा वाचलं तर ८० होऊ शकतात. ‘ऑर्डर ११७ चे ४० गठ्ठे पाठवा’ हे दहादा वाचलं तरी ४०च राहतात.

सर्व्हर सांभाळणाऱ्याने शिक्के वाचून दोषाची जागा शोधावी आणि तिथेच दुरुस्ती करावी. ऑर्डर लिहिणाऱ्याने नंबर टाकावा, घेणाऱ्याने तो पाहावा. या तिघांनी आपापला वाटा उचलला तर दुहेरी मेल येईलही, पण त्यापायी एकही गाडी फुकट फेरी मारणार नाही.